नाव कोल्हापूरचं, हात कुणाचे?

विषय फॅशनचा आणि बोलणार तत्त्वज्ञान शिकवणारे, हे काहींना विचित्र वाटेल. पण प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये अल्सिबायडीस सॉक्रेटिसबद्दल एक तक्रार करतो. हा गृहस्थ बोलायला लागला की याच्या तोंडी सदा लोहार, जोडे शिवणारे आणि कातडी कमावणारे. तेव्हा आमच्या विषयाचा आणि पायताणाचा संबंध जुना आहे. पुढे ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात एक साधा प्रश्न घातला: घर बांधणारा आणि जोडे करणारा यांच्यात देवघेव व्हायची असेल, तर किती जोड्यांना एक घर? प्रश्न बाजारभावाचा वाटतो, पण तो न्यायाच्या प्रकरणात येतो. प्रमाणात देवघेव झाली तरच नगर एकत्र राहतं, असं त्याचं म्हणणं. आजचं आमचं सगळं बोलणं याच एका प्रश्नाभोवती आहे.

उदाहरण तुमच्या ओळखीचं घेऊ. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. म्युचा प्राडा आणि राफ सिमन्स हे त्याचे रचनाकार. रॅम्पवरच्या काही मुलांच्या पायांत जे होतं, ते पाहून इकडे कुणालाही दुसरं नाव सुचलं नसतं: कोल्हापुरी. कंपनीने मात्र त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं होतं. मग समाजमाध्यमांवर वादळ उठलं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीच्या वतीने लोरेंझो बर्तेल्ली यांचं उत्तर आलं. भारतीय पारंपरिक हस्तकलेच्या पादत्राणांपासून प्रेरणा घेतली हे त्यात मान्य केलं होतं, आणि ही रचना अजून प्राथमिक टप्प्यावर आहे, विक्रीचं ठरलेलं नाही, असंही म्हटलं होतं. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये करार झाला. इतक्या लवकर गोड शेवट झालेली भांडणं फार नसतात. म्हणूनच ती जरा तपासून पाहावीत असं आम्हाला वाटतं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. श्रेय ही एक गोष्ट आणि मोल ही दुसरी. या वादात आपण सगळे श्रेयासाठी भांडलो. श्रेय मिळालंही, पण ते एका गावाच्या नावाला मिळालं. मोलाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

प्रथम माध्यमांचं बघू. त्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी फिरत होते. कोल्हापुरात चपलेला काही शे रुपये आणि प्राडाकडे लाखाच्या वर. कंपनीने किंमत जाहीर केलेली नव्हती, पण आकडा इतका चविष्ट होता की तो थांबला नाही. आता या तुलनेत एक गंमत आहे. लाख रुपये हे चोरीचं माप म्हणून वापरले गेले. काही शे रुपये मात्र नैसर्गिक किंमत असल्यासारखे बाजूला उभे राहिले. एका माणसाने कातडं कापायचं, तळ थरावर थर लावून शिवायचा, घरातल्या बाईने वेणी घालायची, आणि हे सगळं काही शे रुपयांत कसं बसतं, हा प्रश्न त्या बातमीत कुठे होता? रागाला एक परका चेहरा मिळाला की घरातला हिशेब मागे पडतो. माध्यमांना चेहरा हवा असतो, हिशेब नको असतो.

दुसरा शब्द होता 'आपली'. आपली कोल्हापुरी, आपली संस्कृती, आपला वारसा. हा 'आपण' कोण? चप्पल घालणारे, की चप्पल करणारे? हायडेगरने व्हॅन गॉगच्या जोड्यांच्या चित्रावर बरंच लिहिलं आणि त्या जोड्यांत शेतकरी बाईचं सारं कष्टाचं जग पाहिलं. १९६८ साली मेयर शापिरो या कलेतिहासकाराने आक्षेप घेतला की ते जोडे बाईचे नव्हेतच, चित्रकाराचे स्वतःचे आहेत. पुढे देरिदाही त्या वादात उतरला. ते जोडे कुणाच्या पायातले, यावर एवढी थोर माणसं भांडली. ते शिवले कुणी, हा काही त्यांच्या भांडणाचा विषय नव्हता. २०२५ च्या आपल्या वादाचं रूप याहून फार निराळं नव्हतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे फार गैरसमज आहेत. कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळाल्याची बातमी २०१९ मध्ये आली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. हा १९९९ चा कायदा नेमकं काय राखतो? तो नाव राखतो. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेल्या मालाला 'कोल्हापुरी' म्हणून विकणं हा गुन्हा. पण अंगठा, पट्टा, वेणी, बाजूचे कान, सपाट तळ असा जो चपलेचा आकार आहे, तो या कायद्याच्या मुठीत येत नाही. आकारासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे, पण त्याला नवेपणा लागतो. शेकडो वर्षं लोकांच्या पायांत असलेली गोष्ट नवी कशी म्हणणार?

यातून निघणारा पेच लक्षात घ्या. प्राडाने मिलानमध्ये 'कोल्हापुरी' हा शब्द वापरला असता, तर कायद्याचा प्रश्न सरळ उभा राहिला असता. शब्द वापरला नाही म्हणून कायदा जवळजवळ शांत राहिला आणि माणसं भडकली. म्हणजे नाव घेतलं तर कायद्याने चूक आणि नाही घेतलं तर नीतीने चूक. कायद्याची आणि नीतीची तोंडं इतकी उलट दिशेला असतील, तर कायदा चुकीच्या वस्तूभोवती कुंपण घालतोय, अशी शंका यायला हवी.

त्यात हे मानांकन देशाच्या हद्दीपुरतं असतं. युरोपात खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या नावांना असं संरक्षण फार वर्षांपासून आहे. हस्तकलेच्या आणि कारखान्यातल्या वस्तूंसाठी साऱ्या युरोपीय संघाचा नियम मात्र २०२३ मध्ये झाला आणि १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. चीजला जे कधीच मिळालं, ते चपलेला आत्ता कुठे मिळू शकतं. कुठल्या वस्तूला आधी संरक्षण मिळतं यातही एक उतरंड असते.

काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १६ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. कारण असं की, मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहेत, त्यांना कायद्याने दाद मागता येते, त्यांच्या जागी तुम्ही कसे? काही जणांना हा निकाल रुक्ष वाटला. आम्हाला तो उपयोगी वाटतो, कारण जो प्रश्न माध्यमांनी टाळला तोच न्यायालयाने विचारला: ही चप्पल नेमकी कुणाची?

कागदावर उत्तर आहे. ती दोन सरकारी महामंडळांची आहे. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवन राम यांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ. ही दोन नावं जरा सावकाश ऐका. कातडं कमावणाऱ्या समाजातला संत आणि त्याच समाजांतून आलेला राष्ट्रीय नेता. चपलेच्या नावात गाव आहे, महामंडळांच्या नावांत जात आहे. विकताना गावाचं नाव पुढे करायचं आणि जात कार्यालयाच्या पाटीवर ठेवायची, अशी ही वाटणी आहे. महाराष्ट्रभर 'कोल्हापुरी' म्हणताना रंकाळा आठवतो, तालीम आठवते, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. गावाबाहेर वसवलेला वाडा, चुन्याच्या आणि सालीच्या पाण्याचे हौद, तो वास, त्या वासामुळे ज्यांच्या हातचं पाणी चाललं नाही ती माणसं, हे त्या शब्दात येत नाही. गावाचं नाव एक गोष्ट दाखवतं आणि दुसरी झाकतं.

याच भूभागात दुसरी एक स्मृती आहे. बाराव्या शतकातल्या कल्याणमधले शरण हरळय्या. आख्यायिका अशी की त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना दिले, आणि बसवण्णांनी ते पायात घालायची आपली योग्यता नाही म्हणून घातले नाहीत. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मणकुळातल्या मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि त्यापायी दोन्ही बापांना देहान्त शासन झालं, असं परंपरा सांगते. आख्यायिकेतला इतिहास किती, हा वेगळा प्रश्न. आमच्या कामाची गोष्ट एवढीच, की इथे जोडे करणाऱ्याचं नाव राहिलं आहे. करणारा निनावी असतो हा काही कलेचा नियम नाही. त्याला निनावी ठेवलं जातं.

मेक्सिकोकडे बघितलं तर फरक चटकन दिसेल. तिथे जानेवारी २०२२ पासून एक कायदा आहे. आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशावर त्या त्या समाजाची सामूहिक मालकी, आणि वापरायचं तर आधी त्यांची संमती. ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासने विली चावारिया या रचनाकाराबरोबर केलेल्या एका पादत्राणावरून ओआहाकामध्ये वाद झाला. ते त्या भागातल्या हुआराचे या पारंपरिक चपलेवर बेतलेलं होतं. कंपनीच्या प्रतिनिधीला यालालाग या गावी जाऊन गावकऱ्यांसमोर माफी मागावी लागली. आपल्याकडे कबुलीचं पत्र गेलं व्यापाऱ्यांच्या चेंबरला. चेंबरने पुढाकार घेतला, पत्र लिहिलं, यात वावगं काही नाही. पण कबुली कुणाच्या पत्त्यावर पोचली, यावरून मालक कोण मानला गेला ते कळतं.

आता वस्तूकडे बघू. समीक्षकाने वस्तूकडे बघायलाच हवं. जुन्या पद्धतीची कोल्हापुरी कशी असते? हिरडा आणि बाभळीची साल यांनी कातडं कमावलेलं असतं. या कामाला कित्येक आठवडे जातात. जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, त्याला फार कमी वेळ लागतो. कोल्हापुरीला खिळा नसतो, गोंदाचा भरवसा नसतो, शिवण चामड्याच्या वादीची. नवी चप्पल चावते. तेल लावून, चार दिवस सोसून ती पायाची होते. पावसाळ्यात ती बाजूला ठेवायची असते. झिजली की तळ बदलायचा असतो. आज ज्याला शाश्वत डिझाइन म्हणतात त्याची जवळजवळ सगळी लक्षणं इथे आहेत: परतून मातीत जाणारा माल, दुरुस्तीची सोय, आणि कधी वापरायचं नाही याचंही भान.

मिलानच्या रॅम्पवर यातलं काय गेलं? आकार गेला. त्या शोमध्ये चप्पल दिसायला सुरेख होती, मोकळ्याढाकळ्या कपड्यांखाली तिने एक निवांतपणा आणला, हे मान्य करायला हवं. रचनाकारांची नजर वाईट नाही. पण चावणं, मुरणं, पावसात थांबणं, तळ बदलून घेणं, हा जो चपलेचा काळ आहे, तो रॅम्पवर दिसूच शकत नाही. फॅशनचा काळ सहा महिन्यांचा, पुढचा हंगाम आला की मागचा शिळा. ज्या वस्तूचा सगळा अर्थ टिकण्यात आहे, तिचं चित्र टिकू न देणाऱ्या चक्रात फिरवायचं, ही खरी विसंगती. नाव न घेण्याइतकीच ती गंभीर आहे, पण तिच्यावर कुणी हॅशटॅग केला नाही.

इथे आणखी एका भाबडेपणापासून सावध राहायला हवं. 'आपलं जुनं ते सगळं पर्यावरणपूरक' असं म्हणून मोकळं होता येत नाही. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यालाही पाणी लागतं, आणि त्या पाण्यात उभं राहणारा माणूस लागतो. शाश्वततेचं माप फक्त मालाला लावलं तर सालीचा हौद सुंदर दिसतो. ते हौदातल्या माणसाला लावलं तर वेगळं दिसतं. ज्या कामाने पृथ्वी टिकते पण करणाऱ्याच्या मुलाला ते नको वाटतं, ते काम शाश्वत कसं? त्यात २०१५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याच्या पुरवठ्याचं जुनं गणित बदललं. बाजारात 'कोल्हापुरी' म्हणून रबरी तळाच्या, रेक्झिनच्या चपलांचे ढीग लागले आहेत. चप्पल करणाऱ्याची स्पर्धा रोज असते ती या ढिगाशी, मिलानशी नव्हे.

युरोपात आता नवे नियम येत आहेत. न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून बंदी. वस्तूबरोबर तिची डिजिटल माहितीपत्रिका, म्हणजे माल कुठला, दुरुस्त कसा करायचा वगैरे. चांगलंच आहे. पण त्या पत्रिकेत चामडं कुठून आलं हे असेल आणि वेणी कुणी घातली, तिला काय मिळालं, हे नसेल, तर आपण वस्तूची कुंडली मांडली आणि आईचं नाव गाळलं असं होईल.

डिसेंबर २०२५ च्या कराराचं काय? दोन्ही महामंडळं आणि प्राडा यांच्यात तो झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात दोन हजार जोड करायचे, जगातल्या चाळीस दुकानांतून विकायचे, किंमत साधारण ८०० युरो, आणि कारागिरांना तीन वर्षं प्रशिक्षण, असं जाहीर झालं. आम्ही या कराराची थट्टा करणार नाही. नाव घेतलं गेलं, माल इथेच होणार, हे थोडंथोडकं नाही. पण साधा गुणाकार करू. दोन हजार गुणिले आठशे म्हणजे १६ लाख युरो. यातला किती वाटा शिवणाऱ्या हातांपर्यंत जाणार, हा आकडा बातमीच्या पहिल्या ओळीत असायला हवा. ॲरिस्टॉटलचा जोडे करणारा अजून तिथेच उभा आहे आणि तोच प्रश्न विचारतो आहे. आणि 'प्रशिक्षण' या शब्दाकडेही बघा. शिकवणार कोण आणि शिकणार कोण? प्रेरणा घेणारा सहाच महिन्यांत गुरू होतो आणि ज्याच्याकडून घेतली तो विद्यार्थी, ही अदलाबदल फार सहज होते. इटलीहून चार रचनाकार सहा महिने अथणीला किंवा कापशीला येऊन हौदापासून शिकतील, असंही कलम त्यात घालता येईल की.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कला उसनवारीवरच चालते, आकार कुणाच्या बापाचा नसतो. खरं आहे. अंगठ्याची चप्पल जगात अनेक ठिकाणी आहे, कोल्हापुरीही काळाबरोबर बदलली आहे. उसनं घेण्याला आमचा विरोध नाही. उसनं घेतलेलं परत करण्याची काही रीत हवी, एवढंच. दुसरा आक्षेप व्यवहारातला. वादामुळे कोल्हापुरीची मागणी वाढली, मग बिघडलं काय? बिघडलं काहीच नाही, पण वाढलेली मागणी दुकानाच्या काउंटरवर थांबते की आत शिवणाऱ्याच्या मजुरीपर्यंत पोचते, हे तपासल्याशिवाय आनंद करणं घाईचं आहे. जीआय कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' अशी नोंदणी प्रत्येक कारागिराला करता येते. नाव राखणारा कायदा हाताशी जोडायची ही एकच वाट त्यात आहे. महामंडळांच्या कामाचं माप कराराच्या छायाचित्रांनी घेऊ नये. या नोंदणीत किती कारागीर आले, त्यावरून घ्यावं.

शेवटी, ऐकणाऱ्यांनी काय करायचं? आम्ही उपदेश करणार नाही, प्रश्न देतो. पुढच्या वेळी चप्पल घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. कातडं कशाने कमावलंय? तळ झिजला तर बदलून कोण देईल? आणि ही केली कुणी? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळेल. तिसऱ्याला बहुधा 'आमचे कारागीर आहेत' एवढंच मिळेल. तिथे थांबू नये. नाव विचारावं, गाव विचारावं. भाव करायचा असेल तर त्यानंतर करावा. नाव कळल्यावर भाव करणं जरा जड जातं, असा आमचा अंदाज आहे, आणि तसं होत असेल तर ते चांगलंच आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.